थर्माकोलचं देऊळ

त्र्यंबकेश्वरच्या स्टँडवर बस सुटताना अण्णा खिडकीपाशी आले. सगळी हयात पाषाणाच्या मूर्ती घडवलेला माझा बाप. म्हणाले, "पोचला की फोन कर. तिकडं दगड कसला हाय, तेवढं सांग."

आखातात दगड नव्हताच. तिथल्या थीम पार्कसाठी आम्ही थर्माकोल कापायचो, वर फायबरचा थर, वर काळा रंग. जगभर तुफान चाललेल्या एका इंग्रजी चित्रपट-मालिकेवर राईड उभी राहत होती. गोरा नायक आपल्याकडच्या देवळातून खजिना पळवतो, त्या प्रसंगाची.

गाभारा माझ्याकडं आला. मी शांत चेहऱ्याची देवी कोरली. आर्ट डायरेक्टर म्हणाला, "फारच सभ्य झालीय." लॅपटॉपवर त्यानं पिक्चरमधली देवी दाखवली. सुळे, तोंडाला रक्त, पायाशी कवट्या. आमच्या गावची देवी अशी नसते, मी म्हणालो.

"लोक तुमची देवी बघायला येत नाहीत. पिक्चर बघायला येतात."

मी सुळे लावले. कुणी हात पिरगाळला नव्हता. नोकरी टिकवायची होती, बस.

त्या हिवाळ्यात आई-अण्णा आले. लेकाचं काम बघायचंच, म्हणाले. रांगेत देवळाचा दरवाजा दिसला आणि अण्णांनी चपला काढून हातात घेतल्या. मागचे लोक हसले, एकानं व्हिडिओ काढला. अण्णांनी खांबावर बोटानं टकटक केलं. पोकळ आवाज आला. मग राईडमधली आमची गाडी आत शिरली, लाल दिवे लागले, देवी दिसली आणि सगळे मजेत किंचाळले.

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "देवीच हाय ना ती?"

"हो."

"मग तिच्या तोंडाला रक्त कुणी फासलं?"

"मी."

ते खाली बसले आणि चपला घालू लागले. आई दुसरीकडं बघत राहिली.

माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनो, तुम्हालाही सांगतो. आपलं गाव भुताटकीचं करून विकणाऱ्यांची चीड येतेच. पण तिकीट काढून त्या देवीपुढं सेल्फी घेणारे आणि तो गावच्या ग्रुपवर टाकणारे आपलेच असतात. आणि सुळे माझ्या हातचे आहेत. या हातांचा सगळ्यात जास्त संताप येतो.

दुसऱ्या दिवशी मी सुळे काढायची परवानगी मागितली. मंजूर डिझाइन बदलत नाही, असं उत्तर आलं. त्याच पिक्चरच्या पुढच्या भागावरच्या राईडच्या देवळाला मी नाही म्हणालो, तेव्हा मला दुसऱ्या पिक्चरच्या अवकाशयानांवर गंज रंगवायला बसवलं.

सुट्टीत घरी जातो. अण्णा शेडमध्ये मूर्तीवर वाकलेले असतात. पूर्वी आल्या-आल्या हातात छिन्नी द्यायचे. आता म्हणतात, "राहू दे, दमला असशील." मी ओट्यावर बसतो. आई चहा आणते, कपबशीत, पाहुण्याला देतात तसा.