यादीतली पहिली ओळ

जूनमधला दुसरा शनिवार. पंखे पुसायला स्टुलावर चढले होते, तेवढ्यात नौपाड्यातल्या डायलिसिस केंद्रातून तिथली यादी सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला. पेशंटच्या पाळ्यांची यादी निघत नव्हती.

यादीचा प्रोग्राम माझा, हॅस्केल नावाच्या संगणकभाषेत लिहिलेला. चालवताना त्याला किती मशिनं, कोणता आठवडा असे पर्याय द्यावे लागतात, प्रत्येकाच्या आधी दोन डॅश. काकांना काळ्या पडद्यावर टाईप करायला नको वाटे, म्हणून पर्याय एका साध्या फाईलीत ओळीला एक असे लिहायची सोय मी करून दिली होती. मागच्या महिन्यात एकदा यादी अशीच अडली, तेव्हा केंद्राचे सेक्रेटरी म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर काकांकडून हे काम काढून घेऊ.

"काय लिहून येतंय?"

"अवैध पर्याय. पुढे उलटी तिरकी रेघ, दोन तीन पाच आठ. पुन्हा रेघ, दोन तीन आठ एक..."

"काका, मशिनच्या जागी फोन नंबर टाकलात का?"

"ताई, मी क्लार्क होतो. एवढं कळतं."

मी ओशाळले नाही, पण स्टुलावरून उतरले.

"फाईल कालचीच आहे ना?"

"नाही. दोन मशिनं वाढली, म्हणून नवी केली."

"पहिल्या ओळीत काय आहे?"

"पहिल्या ओळीत मशिनं."

"त्याच्या वर?"

"वर काही नाही. श्री आहे."

प्रोग्रामने श्री हाही पर्यायच समजून नाकारला होता. आणि तो संदेशात छापताना मी आळसाने अशी आज्ञा वापरली होती की देवनागरी अक्षरांऐवजी त्यांचे संगणकातले क्रमांकच उमटत; दोन तीन पाच आठ म्हणजे श.

"तेवढं काढा."

"नवी फाईल आहे हो. बरं, तुम्ही म्हणता तर."

यादी निघाली. संध्याकाळच्या आत फळ्यावर लागली. मी पंखे पुरे केले, पण डोकं तिथेच होतं. चाळीस वर्षं ज्यांनी कोऱ्या वहीवर आधी श्री लिहिलं, त्यांच्या लेखी ती ओळ मोजायची नव्हतीच. ती मोजणारा प्रोग्राम माझा. डॅश नसलेली प्रत्येक ओळ सोडून देणं सोपं होतं, पण मग विसरलेला डॅशही गुपचूप गिळला गेला असता आणि कुणाचं तरी डायलिसिस चुकलं असतं.

रविवारी सकाळी चहाआधी मी प्रोग्राममध्ये एवढंच घातलं: पहिल्या ओळीत नुसतं श्री असेल तर पुढे जा, आणि चूक सांगताना अक्षरं जशीच्या तशी दाखव. मग सेक्रेटरींना फोन केला. काल यादीला उशीर झाला तो माझ्या चुकीने, काकांच्या नव्हे, असं सांगितलं, आणि ते विषय बदलायला लागले तेव्हा पुन्हा एकदा सांगितलं.