पाहुण्यांचा प्रश्न आणि माझं गणित

मुलगी बघायला आलेले पाहुणे काय विचारतील, याला आमच्या जवळा बाजार गावाकडे धरबंद नाही. चालून दाखव, नाव लिहून दाखव, भाकरी येते का. मी तर हिंगोलीच्या अभ्यासिकेत बसून बँकेच्या परीक्षेची तयारी करत होते, म्हणून पुसेगावच्या पाहुण्यांना जास्तच चेव आला. मुलगा हीच परीक्षा पास होऊन बँकेत लागलेला. बोलत मात्र होते त्याचे मामा.

"देशादेशांना कर्ज देणारी जगाची मोठी बँक हाय, तिला पैसा कुठून येतो?"

"रोखे विकून," मी म्हणाले. "सभासद देशांचं भांडवल असतं, पण जास्त पैसा रोख्यांचाच."

"चूक! सगळा पैसा अमेरिका देते."

बाबा डोळ्यांनी खुणावत होते. आईनं मागून चिमटा काढला. व्हय म्हण अन् मोकळी हो, एवढाच त्याचा अर्थ. माझं डोकंच फिरलं.

"न्हाई मामा, माझं बराबर हाय. आता मी विचारते. नाव प्रवाहासोबत ताशी दहा किलोमीटर जाते, प्रवाहाच्या उलट सहा. संथ पाण्यात किती जाईल?"

"आपल्या नदीला पाणी तरी कुठं हाय नाव चालवायला!" मामा हसले, मग सगळेच हसले.

मुलगा हसला नाही. दहा आणि सहाची बेरीज करून निम्मी करायची, एवढंच ते गणित. त्याचे ओठ 'आठ' म्हणताना मी पाहिले. मग त्यानं मामांकडे पाहिलं आणि पोह्यांत मान घातली.

आठवडाभरात निरोप आला. पोरगी तोंडाळ हाय, पण पसंत हाय. लग्नानंतर परीक्षा-बिरीक्षा बंद. घरात आनंदीआनंद. मी सरळ नाही म्हटलं.

"काहून?" बाबा चिडले. "पोरगा गरीब गाय हाय."

"मामाला येत न्हाई त्याचं मला काही न्हाई, बाबा. ह्याला तर येत होतं. उद्या त्या घरात मला खोटं पाडतील, अन् हा असाच गप बसंल."

"मग नकार तूच कळव," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं, मी कचरेन. मी फोन लावला. मामांनी उचलला. त्यांना म्हणाले, मुलाला द्या.

"तुमी त्या दिवशी एकदा तोंड उघडलं असतं," मी त्याला सांगितलं, "तर मी व्हय म्हणले असते."