सोमवारची पाणी मीटिंग

सानिका, रोहन, तुमच्या ऑफिसात मीटिंग कमी कशा कराव्यात यावर दोन दिवसांची मीटिंग झाली, असं परवा फोनवर कळलं. म्हणून हे आत्ताच लिहिते.

रिटायर होण्याआधी मी सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात एका तालुक्याला पाणीपुरवठ्याची इंजिनिअर होते. दर सोमवारी सकाळी सगळ्या ग्रामसेवकांची, म्हणजे गावचा सरकारी कारभार पाहणाऱ्यांची, टँकर मीटिंग असे. मोबाईल बंद ठेवायचे, वेळ वाया जाऊ नये म्हणून. मग स्वागत, एखादा सत्कार, चहा.

त्या दिवशी विषय होता, एका धनगरवाडीची सोमवारची खेप का चुकते? वाडीला आठवड्यात दोनच खेपा, सोमवार आणि गुरुवार. सलग तिसऱ्या सोमवारी हाच विषय होता. कुणी म्हणालं, ड्रायव्हरला नोटीस काढा. कुणी म्हणालं, उपसमिती नेमा.

तेवढ्यात वाडीचे बिराआबा दुधाच्या गाडीतून उतरून थेट आत आले.

"आमचं ग्रामसेवक हितं हायत का?"

"आबा, मीटिंग चालू आहे," मीटिंग घेणारे आमचे साहेब म्हणाले.

"कशाची?"

"तुमच्याच पाण्याची."

"मग उरका की लवकर! टँकर वाडीत हुबा हाय. सहीला माणूस न्हाई. ड्रायव्हर म्हणतोय, बारापतूर थांबतो, मग भरल्या टँकरनं माघारी जातो. आवं, मेंढरं सोडा, प्यायाला घोटभर न्हाई."

नियम असा होता, की लॉगबुकवर ग्रामसेवकाची सही झाल्याशिवाय टँकर रिकामा करायचा नाही. आणि वाडीचे ग्रामसेवक माझ्यासमोर बिस्किट खात बसले होते. पावणेबारा वाजले होते.

साहेब गंभीर झाले. "महत्त्वाचा मुद्दा आहे. पुढच्या सोमवारी घेऊ."

मी अजेंड्याच्या पाठीमागे दोन ओळी लिहिल्या. ग्रामसेवक नसतील तेव्हा अंगणवाडीताईंची सही चालेल. कागद साहेबांपुढे ठेवला.

"मॅडम, हे मीटिंगमध्ये ठरायला हवं."

"सर, आपण मीटिंगमध्येच आहोत."

त्यांनी सही केली. मी मोबाईल चालू करून ताईंना फोटो पाठवला. बाराला पाच मिनिटं असताना टँकर वाडीच्या टाकीत रिकामा होऊ लागला. आबांनी फोनवर खात्री केली, मगच चहा घेतला.

तेव्हापासून कुठलीही मीटिंग बोलावण्याआधी मी एकच विचारी. हा माणूस इथे बसला, तर तिकडे काय अडेल?

ती मीटिंग अजून सोमवारीच भरते. ताईंची सहीही अजून चालते.