तांबड्या पट्ट्याचा दगड

बातमी आली तेव्हा मी नववीच्या वर्गात खडकांचे प्रकार शिकवत होते. शिपाईमामा दारात येऊन हळूच म्हणाले, महाळुंगे पडवळला विहिरीची कड ढासळली, बोरीचे कोंडीभाऊ खाली होते... फळ्यावर ‘अग्निजन्य’ लिहून झालं होतं. पुढचा ‘स्तरित’ही मी लिहिला आणि तास संपेपर्यंत शिकवत राहिले. त्याची मला अजून लाज वाटते.

कोंडीभाऊंच्या वडिलांची मेंढरं होती. ह्यांनी मात्र पहार हातात घेतली आणि जन्मभर विहिरी खोदल्या. बेल्ह्याच्या बाजाराला आले की शाळेत डोकवायचे आणि टॉवेलात बांधून आणलेला दगड माझ्या टेबलावर ठेवायचे. “बाई, ह्याची जात सांगा.” मग मी सांगायचे, की तापलेला रस भुईतून वर आला, पसरला, थिजला, तो हा काळा पाषाण. वाफेचे बुडबुडे आत अडकले, तो मांजऱ्या. त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपत राहिलं, म्हणून ह्या पांढऱ्या गारा. ते शहाण्या मुलासारखे ऐकायचे, पण त्यांची स्वतःची विद्या कानात होती. हातोडी मारायची आणि ऐकायचं. पाषाण खणखणीत वाजतो, मांजऱ्या ठप्प बोलतो. डोळे मिटूनही ते चुकत नसत. एकदा म्हणाले, “पुस्तकात तीन जाती, अन् आमच्या हिरीत एकच? बाकीच्या दोन कुठं गेल्या?” मी म्हटलं, तुमच्या ओट्याचा कडप्पा हा समुद्राच्या तळाचा गाळ, थरावर थर बसून झालेला, आणि देवळातला संगमरवर म्हणजे तसाच चुनखडक, पण उष्णतेनं आणि दाबानं पार बदललेला. ते खो खो हसले. “म्हंजे आमची मंडळी समुद्राच्या गाळावर परात ठिवून भाकरी थापती म्हना की!”

असाच एकदा त्यांनी तांबडा दगड आणला, मुठीएवढा, विटेसारखा टणक. “ह्यो दगूड का माती?” मी रंगात येऊन समजावलं, की एक थर थिजल्यावर मधे फार मोठा काळ गेला, वर माती झाली, मग दुसरा तापलेला रस तिच्यावर पसरला आणि ती भाजून निघाली. माझ्या बुटाच्या खोक्यात सगळे नमुने असत. त्यात तो ठेवला, चिठ्ठी लिहिली. कोंडीभाऊ मात्र नाही नाही म्हणून मान हलवत होते. तांबडा पट्टा लागला की तो दगडानं बांधून काढल्याशिवाय ते एक हातही खाली जात नसत. त्यांच्या धंद्याची ती शिस्तच होती.

...आणि ती मी मोडली. दोन महिन्यांपूर्वी महाळुंग्याच्या त्या विहिरीवरून त्यांचा फोन आला. “बाई, मालकाला लई घाई हाय. बांधायला थांबू नका म्हनतोय. तांबडा चार हात जाड हाय. तुमी त्याला भाजलेली वीट म्हनला व्हता... टिकंल का?” मी पेपर तपासत होते. म्हणाले, “अहो, वरच्या खडकाचं ओझं इतकी युगं पेललंय त्यानं, तुमचे दोन महिने नाही का पेलणार?” मला स्वतःच्याच वाक्याचं कौतुक वाटलं होतं. चहूबाजूंनी दाबलेला होता तोवर त्यानं पेललं. एक बाजू उघडी पडली, हवापाणी लागलं की तो फुटत जातो. हे पुस्तकात होतं. मी तिथवर वाचलं नव्हतं.

त्यांच्या दहाव्याला बोरीला गेले. कोंडीभाऊंच्या पत्नीनं, वहिनींनी, मला जवळ बसवलं. “बांधल्याबिगर उतरू नगा म्हनलं मी. तर म्हनले, बाईंनी सांगितलंय, काय व्हत न्हाई.” आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर मी काही बोलले असते. मी त्यांच्या हातचा चहा प्याले आणि परत आले.

गेल्या आठवड्यात शाळेच्या कपाटातून तो खोका काढला. दोन पावसाळे मी तो उघडलाच नव्हता. कपाट खिडकीशेजारी, ओल आत येते. पाषाण जसाच्या तसा, मांजऱ्या तसाच, गारा अजून चमकत होत्या. तांबड्याच्या जागी मात्र नुसता भुगा पडला होता, बोटांनी उचलावा तर निसटणारा. तो खोका पिशवीत घालून ठेवलाय. येत्या बाजाराच्या दिवशी बोरीला जाऊन तो वहिनींपुढे उघडायचा आणि फोनवर मी काय बोलले ते सगळं सांगायचं, असं रोज ठरवते. भुग्याखाली चिठ्ठी आहे. वर कोंडीभाऊंचा प्रश्न, ‘दगड का माती?’ आणि खाली, माझ्या ठसठशीत अक्षरात, ‘दगड’.