खमंग भाजलेलं बियाणं

गहू मंद आचेवर तापू लागला की आधी उन्हात वाळत घातलेल्या गोणपाटाचा, मग जुन्या लाकडी कपाटाचा आणि सरतेशेवटी सातूच्या पिठाचा वास येतो; भाद्रपदातल्या त्या कोंदट दुपारी, खाली गंगेनं अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या गिळून टाकल्या असताना, दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या वरच्या मजल्यावर तो वास असा काही दरवळला की मी स्वतःवर चक्क खूश झालो. पत्नी गेल्याला दुसरं वर्ष लागलं होतं आणि खूश होण्याची सवय मोडली होती. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. पावसाळ्यात दगडी भिंतीला हात लावावा आणि ती ओली आहे की नुसती गार, हे बोटांना कळू नये, तसं काहीतरी.

गहू माझा नव्हता. तो सुगनीचा होता, आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी विकणाऱ्या बाईचा. तिचं शेत ढाबावर, म्हणजे गंगेच्या दोन धारांच्या मधल्या सखल पट्ट्यात. नदी दर पावसाळ्यात तिची झोपडी ओढून नेते आणि भरपाई म्हणून शेतात नवा गाळ टाकून जाते. पाणी चढू लागलं की पेरणीचं बियाणं ती आमच्या उंच घरात आणून ठेवी. आखूड, तांबूस दाण्याचा देशी गहू, तिच्या सासूच्याही सासूपासून चालत आलेला. शेजारच्या साऱ्यांनी केव्हाच दुकानातलं बी धरलं होतं. हा वाण तिच्यापाशीच काय तो उरला होता. पत्नी त्या गाठोड्याची कशी निगा राखी, हे मी कधी पाहिलं नाही. मी भूगोलाचा मास्तर. ‘देशाची अन्नोत्पादनक्षमता’ असं फळ्यावर ठसठशीत लिहून त्याखाली मृदा, जल, हवामान, खत, श्रम हे शब्द उतरवण्यात माझी हयात गेली, आणि घरातला गहू कुठल्या डब्यात असतो ते निवृत्तीनंतरही मला ठाऊक नव्हतं.

यंदा गाठोड्यावर किडे फिरताना दिसले, आणि मला आमच्या घराण्याचा रामबाण उपाय आठवला: रवा आणला की भाजून ठेवायचा, मग किडत नाही. आईनं तेच केलं, पत्नीनं तेच केलं. मी कढई चढवली, थोडा थोडा करून सगळा गहू भाजला, गार केला, पुन्हा बांधून कोनाड्यात ठेवला. किडे मेले. माझ्या हातून स्वयंपाकघरातली एक गोष्ट प्रथमच न करपता पार पडली होती.

नवरात्र आलं. आमच्याकडे हल्ली पिठाची पिशवी येते, धान्य येतच नाही. तेव्हा घटाभोवतीच्या मातीत पेरायला मी त्या गाठोड्यातलीच मूठभर उचल केली. पत्नीच्या हातचे घट कसे तरारून यायचे, पिवळेधमक, दिव्याकडे झुकलेले! माझ्या मातीत माळांमागून माळा चढल्या तरी काही हललं नाही. मी पाणी वाढवलं, मंत्र तपासले, देवीची क्षमा मागितली. कढई तेवढी आठवली नाही. शेवटी बोटानं एक दाणा उकरून काढला. तो फुगला होता, मऊ झाला होता, आणि त्याच्या आत काहीच घडलं नव्हतं. तेव्हा कुठे मला कळलं.

दसऱ्याला सुगनी झेंडूची फुलं घेऊन वर आली आणि घटाकडे पाहतच राहिली. मी सांगून टाकलं.

“भूँज दिए?”

“हाँ. धीमी आँच पर.” धीमी आँच का सांगितली देव जाणे, जणू त्यानं काही वाचणार होतं.

“सब?”

“सब.”

ती उंबऱ्याशी बसली. “नमक भी डाल देते मास्टर साहब, चबेना हो जाता,” म्हणाली, म्हणजे फुटाण्यांसारखं चघळायला तरी झालं असतं, आणि हसली. मग हसणं ओसरलं. “अब खेत में का डालें?”

दुकानातलं आणून देतो, असं मी म्हटलं. तिनं मान हलवली. “दुकान वाला खाद माँगता है, पानी माँगता है. ई कुछ नहीं माँगता था.”

गेल्या साली धाकट्या मुलीच्या सासरी तिनं यातलं थोडं दिलं होतं. त्यांनी दळून खाल्लं नसलं तर. ते मागायला सुगनी चुनारच्या बसनं निघून गेली, आणि गल्लीच्या तोंडाशी तिची जागा रिकामी राहिली. शरदाचं ऊन त्या रिकाम्या दगडावर येऊन बसे, सरके, निघून जाई. येता-जाता मी तिकडे पाहतो आहे, हे बऱ्याच उशिरा माझ्या ध्यानात आलं. फळ्यावरच्या त्या शब्दांत एक कधीच नव्हता: भूक लागलेली असताना कुणीतरी न खाल्लेली मूठ. मृदा आणि जल आपापल्या जागी असतात. मधे कुणाच्या तरी घरी ती मूठ दर साली उरावी लागते. चुनारकडच्या कुण्या विहिणीनं आपल्या पोटाला काय सांगितलं असेल, यावर आता सारं येऊन ठेपलं होतं.

सुगनी परतली ती उशीच्या अभ्र्यात तळाशी जेमतेम साचेल एवढा गहू घेऊन. बाकीच्याच्या पोळ्या झाल्या होत्या. एवढ्यात एक वाफाच पेरता येईल. मग त्यातून पुढल्या साली दोन. ढाबावर अजून चिखल होता, झोपडी उभी राहिली नव्हती. तिनं तो अभ्रा माझ्यापुढे धरला.

“रखिए.”

“मेरे पास? फिर से?”

“त अउर ऊँचा घर किसका है? बाकी इस बार कुछ मत कीजिएगा मास्टर साहब. कुछो नहीं.”

अभ्रा कोनाड्यात आहे. मधूनच एखादा दाणा तळहातावर घेतो. थंड, कडक, गप्प. जिवंत बीसुद्धा महिनोन्महिने असंच पडून असतं, वरून काही म्हणता काही कळत नाही. देवदिवाळी उलटेल, चिखल वाळेल, तेव्हा काय ते दिसेल. तोवर रोज दुपारी कोनाड्याशी खुर्ची ओढून बसतो आणि, अगदी मन लावून, काहीच करत नाही.