ताईंच्या खोलीतली जागा

भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा आमच्या संस्थेतल्या बहुतेक बायका गोंदियाच्या ऑफिसात गेल्या. लाखनीच्या ऑफिसात उरल्या त्या एकट्या ताई. माझं शिक्षण तेव्हा नुकतंच संपलं होतं. दिघोरीच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. ताईंनी शब्द टाकला आणि मला बचत गटांच्या कामावर घेतलं गेलं.

प्रशिक्षणाला बाहेरगावी जावं लागे. संस्था दोघांत एक खोली देई. ऑफिसात बायका दोनच, त्यामुळे खोली ताईंची आणि माझी, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. गीझर कसा लावायचा, नाश्त्याला आपलं आपण कसं वाढून घ्यायचं, रिसेप्शनवर फोन करून उशी कशी मागायची, हे सगळं मी ताईंकडून शिकले. उद्या गटासमोर काय बोलायचं ते त्या मला आरशासमोर उभं करून म्हणायला लावत आणि स्वतः पलंगावर मांडी घालून चिवडा खात ऐकत. ऑफिसात त्या सगळ्यांच्या ताई होत्या. खोलीचं दार लागलं की फक्त माझ्या.

मीही जमेल तसं त्यांचं करत असे. मला पहाटे उठायची सवय. त्यांना जाग यायच्या आत मी बादलीत गरम पाणी काढून ठेवी, त्यांची साडी झटकून खुर्चीवर टाकी, चपला दाराशी सरळ लावी. आमच्या घरी ज्यानं आपलं भलं केलं त्याच्यासाठी असंच करतात. तोंडानं आभार मानले तर आमची आई हसेल.

मग तिसरी आली. भंडाऱ्याची मुलगी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. तिचे वडील शिक्षक, आई नर्स. ती ताईंना पहिल्या दिवसापासून ‘ए ताई’ म्हणू लागली. मी इतक्या वर्षांत ‘अहो ताई’च्या पुढं गेले नव्हते.

आम्ही तिघी पुण्याला गेलो. रिसेप्शनवर ताई मला म्हणाल्या, “मी अन् हे पोरगी एका खोलीत. तू सिंगल घे.”

आमचे अकाउंटंटभाऊ मागेच उभे होते. “अरे वा! सिंगल रूम म्हंजे साहेब लोकायचं काम. पेढे आणा मॅडम.”

मी हसले. हातात किल्ली होती आणि ती कुणाला तरी परत द्यावी असं वाटत होतं. माझ्या जन्मात मी कधी एका खोलीत एकटी झोपले नव्हते. पण दुःख त्याचं नव्हतं. संध्याकाळी टीव्ही लावून बसले तर भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू येई. मी टीव्हीचा आवाज बंद केला. त्या कशाला हसतात ते काही कळेना, तरी कान तिकडंच.

सकाळी नाश्त्याला दोघी बरोबर आल्या. त्या मुलीची वेणी घट्ट, चापूनचोपून घातलेली होती, आणि ती स्वतःची स्वतः तशी कधी घालत नसे. ताईंनीच घातली असणार. माझ्या केसांना ताईंचा हात कधी लागला नव्हता. माझ्या ताटात पोहे होते. ते तसेच राहिले.

परतीच्या गाडीत ती मुलगी वरच्या बर्थवर झोपली होती. ताई माझ्याजवळ सरकल्या.

“काहून गं? तीन दिवसांपासून तोंड फुगवून राहिली तू.”

“काही नाही.”

“सांग ना.”

“माझं काही चुकलं का, ताई?”

त्यांनी वरच्या बर्थकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, “हे पाह्य, रागावू नको. तू पहाटेच उठते, माझं पाणी काढते, चपला लावते. मंग मले लोळत पडायची लाज वाटते. घरी सासूचं करता करता मी थकली. दौऱ्यावर आली की वाटते, दोन दिवस कोणी कोणाचं करू नये. अन् तुझ्यासंग राहिली की मीच सासू होऊन बसतो.”

पाणी काढणं, चपला लावणं, तीच माझी माया होती. दुसरी कशी करतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि ही मुलगी काहीच न करता, ताईंकडून वेणी घालून घेऊन, माझ्या जागी जाऊन बसली होती.

पुढचा दौरा अमरावतीचा. रिसेप्शनवर पुन्हा दोन किल्ल्या आल्या. ताईंनी पुण्यासारखीच सिंगलची माझ्यापुढं केली. मी घेतली नाही.

“ताई, या टाइमाले मी तुमच्या खोलीत येतो,” मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. “तुम्ही उठल्याशिवाय मीबी उठणार नाही.”

आजवर मला जे मिळालं ते कुणीतरी दिलेलं होतं. मागून घेतलेलं हे पहिलंच.

ताईंनी ती किल्ली काउंटरवर ठेवली. “मंग असं बोलावं ना, बाई! मले कसं समजन?”

ती मुलगी तोवर सिंगलची किल्ली उचलून मोकळी झाली होती. “देवच पावला! ए ताई, तू किती घोरते माहीत आहे का तुले? पुण्याले माझा डोळ्याले डोळा नाही लागला.”

ताई खळखळून हसल्या. अकाउंटंटभाऊही हसले. मला मात्र तिचा रागच आला. ताई घोरतात हे तिच्या कितीतरी आधीपासून मला माहीत होतं, आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.