आनंदीकाकींचे लव्हाळे

आनंदीकाकी रोज एकदा तरी साडी वर खोचून चिखलात उतरायच्या. डिचोलीजवळच्या त्या गावात आम्ही नव्याने राहायला गेलो, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तळीच्या काठी, कमरेएवढ्या हिरव्यागार लव्हाळ्यात. माझे पती खाणीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. मी बेळगावची, चिखल दिसला की पाय आखडून घेणारी. काकी म्हणाल्या, "नवी शेजारीण न्हय गो तू? ये. हात मागीर धू."

लव्हाळा लावायला त्यांनीच मला शिकवलं. जुन्या गड्ड्याचा मधला भाग मरतो, तो टाकायचा. कडेचे नवे कोंब मुळासकट सोडवून वीतभर अंतरावर रोवायचे. "पाणी पावल बुडात इतक्या पुरे. कोंब बुडलो काय कुसलो." काड्या पुऱ्या वाढल्या की कापायच्या, पण मुळावर चार बोटं ठेवून. "तेका परत येवक वाट ठेव गो," असं त्या प्रत्येक कापणीला म्हणत. वाळलेल्या काड्यांच्या चटया उन्हाळ्यात विणायच्या. दुपारी त्या चटईवर आडवं झालं की अंगाखाली गारवा लागे.

लव्हाळ्याचं ते बेट मूळचं पेडण्याचं, मोरजीच्या अलीकडे नदीकाठी असलेल्या त्यांच्या माहेरचं. पहिल्या माहेरपणाहून निघताना वडिलांनी कोंब केळीच्या सोपटात गुंडाळून दिले होते. पुढे वडील गेले, तेव्हा भावाने निरोप उशिरा धाडला. काकी पोचल्या तोवर सगळं आटोपलं होतं. त्या उंबऱ्यावरूनच मागे फिरल्या आणि पुन्हा त्या घरी गेल्या नाहीत. कुणी पेडण्याहून आलं की मात्र नदीला पाणी किती आहे, हे हळूच विचारत.

गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यात डोंगरावरून खाणीचा तांबडा गाळ आला आणि तळीचा काठ बुजला. काकी रोज खोऱ्याने उपसत होत्या. शेवटी हाताला काळी, कुजलेली मुळंच लागली.

"वाळपईकडे पुष्कळ मिळतील, आणू या," मी म्हटलं.

"मेळतले गो. पण बाबांनी दिल्ले ते न्हय."

चतुर्थी झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "येतंस माज्यावांगडा?" बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. पेडण्याकडे नेणारा कोलवाळचा पूल आला तसा त्यांनी माझा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

भाऊ ओसरीवर बसले होते. केस पार पिकलेले. बहिणीला पाहून ते उठले.

"आयलंस?"

"लव्हाळे व्हये," काकी म्हणाल्या.

भाऊ कोयता घेऊन नदीकडे चालू लागले. आम्ही मागोमाग. ते चिखलात बसून गड्डा सोडवू लागले, तशा काकी काठावरून म्हणाल्या, "कडेचे घे. मदले नाका."

"म्हायत आसा. बाबांनी माकाय शिकयलां." थोड्या वेळाने खाली मान घालूनच ते म्हणाले, "तेन्ना माझा चुकला, आनंदी."

काकींनी साडी खोचली. त्या भावाशेजारी चिखलात उतरल्या.

ते कोंब आम्ही काकींच्या विहिरीमागच्या वरच्या ओलसर जागेत लावले. तिथे गाळ पोचत नव्हता. ते जगले. पुढच्या उन्हाळ्यात भाऊ राहायला आले. अंगणात बहीणभाऊ समोरासमोर बसून एकच चटई विणत होते, लहानपणच्या कुठल्याशा म्हशीवरून वाद घालत होते. माझी भावंडं बेळगावात होती. मी दारात उभी राहून ऐकत राहिले.

काही वर्षांनी आम्ही गाव सोडलं. काकी बसपर्यंत आल्या. "परत केन्ना येतलंस?"

"मे महिन्यात," मी म्हटलं.

मे महिन्यात घराचं काम निघालं. पावसाळ्यात काकी गेल्या. तेव्हापासून केव्हा येणार असं कुणी विचारलं, तर मी महिना सांगत नाही. पिशवी भरते आणि निघते.